हरवलेलं जाळं समुद्रात मासे मारतच राहतं, ते कसं आणि ते बाहेर कसं काढायचं

गेल्या ऑगस्टात, नारळी पौर्णिमा होऊन चार दिवस झाले असतील, गोव्यात मोरजीच्या वाळूत सकाळी एक निळसर ढीग पडलेला दिसला. लांबून वाटलं कोणाच्या छपराची ताडपत्री उडून आली असेल, जवळ गेलो तर जाळं, आणि ते पण एक नाही, दोन-तीन वेगवेगळी जाळी एकमेकांत पिळून गेलेली, त्यात नायलॉनचा दोर, फुटके बोये, एक ओंडका, आणि सगळ्याला बारीक शिंपले चिकटलेले. आत एक कुर्ली अडकली होती, डेंगे तेवढे शाबूत, बाकीची कोणीतरी खाऊन टाकलेली. सोबत शेजारचे काका होते, आयुष्यभर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढलेला माणूस. ते वाकले, जाळ्याच्या एका घरात तीन बोटं घातली आणि म्हणाले, "हें बांगड्याचें. आमच्या वाड्यावयलें न्हय हें."

आम्ही दोघांनी आणि होडीवरच्या दोन पोरांनी मिळून कोयत्यानं कापत कापत तासभर ओढलं, अर्धं निघालं असेल नसेल, उरलेलं वाळूत रुतलं होतं ते काही हललं नाही. संध्याकाळची भरती येऊन गेल्यावर परत बघायला गेलो तर तिथे काहीच नव्हतं. म्हणजे समुद्रानं ते परत आत नेलं होतं.

तेव्हापासून मी यावर मिळेल ते वाचतोय, मालीम जेटीपासून शापोऱ्यापर्यंत बोटीवरच्या लोकांना विचारतोय. दर सीझनला व्हॉट्सअपवर जाळ्यात अडकलेल्या कासवाचा फोटो फिरतो आणि खाली लोक लिहितात, या मच्छीमारांना दंड करा, विषय संपला. विषय एवढा सोपा नाहीये, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

घोस्ट नेट म्हणजे नक्की काय

मासेमारीचं कुठलंही सामान, म्हणजे जाळं, दोर, गरी, कुर्ल्यांचा सापळा, मालकाच्या हातातून सुटून समुद्रात राहिलं की त्याला इंग्रजीत घोस्ट गियर म्हणतात, भुताचं सामान. माणूस निघून गेला तरी काम चालू आहे म्हणून भूत. मी पुढे सरळ भूतजाळं म्हणेन.

यात तीन प्रकार येतात आणि ते वेगळे ठेवले पाहिजेत, कारण भांडण सगळं इथेच होतं. एक, हरवलेलं: वादळात गेलं, खडकात अडकून तुटलं. दोन, सोडून दिलेलं: मालकाला माहितीये कुठे आहे, पण इंजिन बंद पडलं, समुद्र खवळला, जीव वाचवायचा की जाळं, म्हणून सोडलं. तीन, टाकून दिलेलं: जुनं झालं, फाटलं, जेटीवर ठेवायला जागा नाही, दिलं पाण्यात. पहिले दोन अपघात आहेत, तिसरा कचरा आहे. समुद्रात गेल्यावर मात्र तिन्ही सारखंच वागतात.

पूर्वी जाळी हरवायची नाहीत का?

हरवायची की. पण ती सुताची किंवा तागाची असायची. काका सांगतात त्यांच्या आजोबांच्या वेळी जाळं झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून रंगवायचे, वाळवायचे, परत बुडवायचे, कारण तसं केलं नाही तर ते कुजायचं. तो सगळा खटाटोप जाळं कुजू नये म्हणून होता, आणि तरीही हरवलेलं जाळं पाण्यात काही महिन्यांत कुजून जायचं.

मग नायलॉन आलं. भारतात साधारण १९५० च्या दशकाच्या शेवटी आणि साठच्या दशकात नायलॉनची जाळी पसरली आणि मच्छीमाराचं आयुष्य खरंच सोपं झालं, हे मान्यच करायला पाहिजे. हलकं, मजबूत, सारखं वाळवायला नको, आणि तंगुसाचं, म्हणजे एकेरी पारदर्शक धाग्याचं जाळं तर माशाला दिसत पण नाही. पण जे मालकाच्या हातात असताना कुजत नाही ते हरवल्यावरही कुजत नाही. तुम्ही वाचलं असेल की नायलॉनचा धागा ६०० वर्षं टिकतो. हा आकडा अंदाज आहे, नायलॉनचा शोधच १९३५ चा, त्यामुळे सहाशे वर्षं कोणी बघितलेली नाहीत. आपल्या नातवंडांच्या काळात ते असेल एवढं धरून चालायला हरकत नाही.

आणि सगळं प्लास्टिक एकसारखं वागत नाही. नायलॉन समुद्राच्या पाण्यापेक्षा जड, ते तळाला जातं. ट्रॉलरचं जाळं बहुतेक पॉलिथिलीनचं आणि दोर पॉलिप्रॉपिलीनचा असतो, हे दोन्ही पाण्यापेक्षा हलके, म्हणजे तुटका तुकडा तरंगत फिरतो. तरंगणाऱ्यावर ऊन पडतं, ते कडक होऊन त्याचा चुरा होतो, तोच पुढे मायक्रोप्लास्टिक म्हणून माशाच्या पोटात. तळाला गेलेल्याला ऊन लागत नाही, थंड अंधारात ते तसंच राहतं. आमच्या मोरजीच्या ढिगात दोन्ही होती.

माणूस नसताना जाळं मासे कसं पकडतं

गिलनेट, ज्याला आपण साधं उभं जाळं म्हणू, ते पाण्यात पडद्यासारखं उभं राहतं. वरच्या दोरीला बोये, खालच्या दोरीला शिसं. बांगडा येतो, डोकं घरातून आत जातं, अंग जात नाही, मागे सरकायला गेला की कल्ल्यात धागा अडकतो. यात माणसाचं काम फक्त जाळं टाकणं आणि उचलणं. मधलं काम जाळं स्वतःच करतं, मग उचलायला कोणी आलं नाही तर ते थांबेल कशाला?

अडकलेला मासा मरतो, कुजतो, त्या वासानं कुर्ल्या येतात, त्या अडकतात, त्यांना खायला मोठा मासा येतो, तो अडकतो. जड होत होत जाळं खाली बसतं. खालचे जीव ते खाऊन साफ करतात, वजन कमी झालं की बोये ते परत वर उचलायला बघतात.

पण हे कायम त्याच जोरात चालत नाही, आणि हे प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे कारण बऱ्याच पोस्टमध्ये असं लिहितात की एक जाळं शंभर वर्षं मासे मारतं. उथळ, लाटांच्या पाण्यात जाळं लवकर पिळलं जातं, दोरखंडासारखं होतं, त्यावर शेवाळ आणि शिंपले चढतात, माशाला ते दिसायला लागतं, आणि काही महिन्यांतच पकड खूप घटते. खोल, शांत पाण्यात ते वर्षानुवर्षं उभं राहू शकतं. पिळलेलं जाळं मासे कमी मारतं पण कासवाच्या पायाला, डॉल्फिनच्या शेपटीला आणि बोटीच्या पंख्याला ते तेवढंच वाईट.

सापळे मात्र जास्त वाईट. उंदराचा पिंजरा लावून घर बंद करून तुम्ही गावाला गेलात असं समजा. पहिला उंदीर खोबऱ्यासाठी आला, अडकला, मेला. आता तोच आमिष झाला. कुर्ल्यांचा हरवलेला सापळा असाच स्वतःचं आमिष स्वतः भरत राहतो, आणि तो पिळला जात नाही कारण तारेचा किंवा सळईचा सांगाडा असतो.

कासवाचं वेगळं सांगतो कारण आपल्याकडे मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे ऑलिव्ह रिडले अंडी घालायला येतात. कासवाला माशासारखे कल्ले नाहीत, त्याला श्वास घ्यायला वर यावंच लागतं. शांत बसलेलं कासव बराच वेळ दम धरू शकतं, पण अडकलेलं कासव धडपडतं, आणि धडपडीत तोच दम फार लवकर संपतो. म्हणजे त्याच्यासाठी जाळ्यात अडकणं म्हणजे बुडून मरणं. किनाऱ्यावर असं कासव जिवंत दिसलं तर पायात रुतलेला धागा ओढून काढू नका, मांस फाटतं. परत पाण्यात ढकलू पण नका, दमलेलं असतं, बुडतं. सावली करा, अंगावर ओला कपडा टाका पण नाक झाकू नका, कुत्र्यांना लांब ठेवा, आणि वनखात्याला किंवा जवळच्या जीवरक्षकाला लगेच कळवा.

किती जाळी हरवतात?

तुम्हाला सगळीकडे वर्षाला ६ लाख ४० हजार टन हा आकडा दिसेल. तो २००९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या एका अहवालातल्या ढोबळ गणितातून फिरायला लागला, दरवर्षी समुद्रात जाणाऱ्या कचऱ्याच्या दहा टक्के धरून, आणि मग लोक एकमेकांचं बघून तोच लिहीत गेले. मला त्यापेक्षा २०२२ चा एक अभ्यास जास्त पटतो. त्यात सात देशांतल्या ४५१ मच्छीमारांना सरळ विचारलं की तुमचं वर्षात काय काय हरवतं, आणि त्यावरून जगाचा हिशोब मांडला. निघालं असं की जगातल्या मासेमारीच्या सामानापैकी जवळपास २ टक्के दरवर्षी समुद्रात जातं. दोन टक्के ऐकायला काहीच नाही. पण त्यात गिलनेटच २,९६३ चौरस किलोमीटर आहेत. आपला अख्खा गोवा ३,७०२ चौरस किलोमीटर. म्हणजे पेडण्यापासून जाळं अंथरायला लागलात तर गोव्याचा पाचातला चार भाग झाकून जाईल, आणि हे फक्त एका वर्षाचं, फक्त एका प्रकारचं. पर्ससीनची, म्हणजे माशांच्या थव्याला गोल वेढून खालून आवळायची जाळी तर ७५,०४९ चौरस किलोमीटर, म्हणजे वीस गोवे. सापळे अडीच कोटींच्या वर.

या सात देशांत भारत नव्हता, त्यामुळे आपल्या किनाऱ्याचा हिशोब यातून काढता येत नाही. आपला हिशोब आपल्यालाच विचारून काढावा लागेल, आणि विचारायचं कोणाला ते पुढे येतं.

"बाटल्या आणि पिशव्या जास्त नाहीत का? जाळ्यांच्या मागे का लागायचं?"

संख्येनं बाटल्या जास्त असतील. पण बाटली काही पकडण्यासाठी बनवलेली नसते, जाळं त्यासाठीच बनवलेलं असतं. २०१६ मध्ये समुद्री जिवांच्या तज्ज्ञांना विचारून कचऱ्याच्या प्रकारांची क्रमवारी लावली गेली, कासव, समुद्रपक्षी आणि डॉल्फिन-देवमाशांसारखे सस्तन प्राणी यांना सगळ्यात जास्त धोका कशाचा, तर मासेमारीचं हरवलेलं सामान सगळ्यात वर आलं. आणि प्रशांत महासागरात जो मोठा तरंगता कचऱ्याचा पट्टा आहे त्याचं वजन करणाऱ्या २०१८ च्या अभ्यासात निदान ४६ टक्के वजन जाळ्यांचंच निघालं.

त्यातून जीवदयेचा मुद्दा बाजूला ठेवला तरी भूतजाळं जो मासा मारतं तो कोणाच्या ताटात जात नाही. इसवणाचा भाव ऐकून आपण मार्केटातून तारल्या घेऊन परत येतो, आणि तिकडे तोच मासा तळाला कुजतोय, हे मला फार लागतं.

"मच्छीमारच मुद्दाम टाकतात, नाहीतर एवढं महाग जाळं हरवेल कसं?"

महाग आहे म्हणूनच चांगलं जाळं कोणी मुद्दाम टाकत नाही. चांगलं जाळं म्हणजे छोट्या होडीवाल्याची वर्षाची बचत, बऱ्याचदा कर्ज. जाळी हरवायची कारणं मी ज्यांना ज्यांना विचारली त्यांनी जवळपास तीच सांगितली. तळाचा खडक किंवा बुडालेल्या बोटीचा सांगाडा. अचानक वारा, जसा २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळात झाला. आणि सगळ्यात जास्त रागानं सांगितलेलं कारण म्हणजे रात्री लावलेल्या गिलनेटवरून मोठी बोट जाते, बोया कापला जातो, सकाळी बघावं तर खूणच नाही.

हे भांडण आपल्याकडे जुनं आहे. सत्तरच्या दशकात रापणकारांनी ट्रॉलरविरुद्ध जे आंदोलन उभं केलं, ज्याच्याशी मच्छीमारांचे नेते माथानी साल्ढाणा यांचं नाव जोडलेलं आहे, त्यात मासा संपतोय हा मुद्दा होता तसाच जाळी फाटतायत हा पण होता. पुढे १९८० चा गोव्याचा सागरी मासेमारी कायदा आला, किनाऱ्यालगतचा ५ किलोमीटरचा पट्टा छोट्यांसाठी राखला गेला. रेषा कागदावर आहे, पाण्यावर रेषा दिसत नाही. ही रेषा नीट पाळली गेली तर एकही पाणबुड्या न उतरवता कितीतरी जाळी वाचतील असं माझं स्पष्ट मत आहे.

टाकून देणारे पण आहेत, नाही असं नाही. पण जेटीवर जाऊन बघा, फाटलेलं जाळं ठेवायला वेगळी जागा कुठे दिसते का. घरी कचरागाडी आठवडाभर आली नाही तर आपण काय करतो ते आठवा, मग बोटीवाल्याला शहाणपण शिकवू.

बाहेर काढायचं कसं

आता मुख्य काम. पहिली पायरी शोधणं, आणि तीच सगळ्यात अवघड. साइड-स्कॅन सोनार नावाचं यंत्र असतं, बोटीमागून ओढायचं, ते दोन्ही बाजूंना आवाजाच्या लहरी सोडतं आणि तळाचं चित्र बनवतं. अंधाऱ्या खोलीत हरवलेली टिकली शोधताना आपण टॉर्च जमिनीला लागून आडवा धरतो ना, मग एवढ्याशा टिकलीची पण लांब सावली पडते, तसंच हे. सापळे यात छान दिसतात. पण नायलॉनचं बारीक जाळं सहज निसटतं. त्यामुळे यंत्र असलं तरी आधी कोणीतरी सांगायला लागतं की इथे बघ.

दुसरी पायरी, काढायचं की नाही ते ठरवणं. यावर पुढे बोलतो.

तिसरी, उचलणं. एक पद्धत म्हणजे आकड्यांचा गळ तळावरून ओढायचा आणि जाळं लागलं की वर घ्यायचं. नॉर्वेमध्ये सरकारी बोट १९८० च्या दशकापासून दरवर्षी हेच करते, आणि तिथे हरवलेलं जाळं स्वतःला काढता आलं नाही तर कळवणं बंधनकारक आहे, म्हणजे बोटीला कुठे जायचं ते माहीत असतं. वाळूच्या, चिखलाच्या तळावर हे ठीक. पण वास्कोसमोरच्या ग्रांद बेटाजवळ प्रवाळ आहे, तिथे असा गळ फिरवला तर जाळ्यापेक्षा जास्त नुकसान आपणच करू. तिथे पाणबुडेच उतरवावे लागतात.

पाणबुड्याचं काम कसं चालतं ते बघण्यासारखं आहे. विहिरीतून कळशी ओढताना लक्षात आलंय का, पाण्यात असेपर्यंत ती हलकी लागते आणि पाण्याबाहेर आली की एकदम हात खाली जातो? जाळ्याचं तसंच. नायलॉन समुद्राच्या पाण्यापेक्षा थोडंसंच जड, त्यामुळे १०० किलोचं नुसतं जाळं पाण्यात साधारण १० किलो भरतं. पण त्यात शिसं असतं, वाळू भरलेली असते, शिंपले चढलेले असतात. म्हणून पाणबुडे जाळं तुकड्यातुकड्यानं कापतात आणि त्याला लिफ्ट बॅग बांधतात, म्हणजे जाड कापडाचा तोंड खाली असलेला फुगा. त्यात आपल्या सिलेंडरमधली हवा सोडतात, फुगा वर चालायला लागतो आणि जाळं घेऊन जातो.

इथे एक धोका आहे. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागापेक्षा दुप्पट असतो. तिथे भरलेली हवा वर येईपर्यंत फुगून दुप्पट होते, म्हणजे फुगा जसा वर जाईल तसा अजून जोरात ओढतो, रिकाम्या रस्त्यावर ब्रेक नसलेली सायकल उतारावरून सुटावी तसा. त्यामुळे हवा थोडी कमी भरायची, जादा हवा सोडायला झडप ठेवायची, आणि फुग्याच्या वर कोणी थांबायचं नाही. जाळ्याला तर पाणबुडा आणि मासा यातला फरक कळत नाही. सिलेंडरची झडप, पायातल्या फिनचा बक्कल, काहीही अडकतं, म्हणून दोन सुऱ्या, त्या पण दोन वेगळ्या हातांना सापडतील अशा ठिकाणी, आणि एकट्यानं कधीच नाही.

म्हणूनच "आम्ही स्कूबाचा कोर्स केलाय, रविवारी येतो" असं म्हणणाऱ्या उत्साही मंडळींना हात जोडून सांगणं आहे की जाळं दिसलं तर जागा नीट टिपा, फोटो काढा, वर येऊन कळवा, हात लावू नका. किनाऱ्यावरच्या वाळूतलं जाळं मात्र कोणीही काढू शकतं, हातमोजे घालून, ओहोटीच्या वेळी, आणि अर्ध्यावर सोडून न जाता. आमची चूक तीच झाली.

चौथी पायरी बोटीवर घेणं. कळशी पाण्याबाहेर आली, आता सगळं वजन खरं. छोट्या होडीच्या एका बाजूनं पिळलेलं जाळं ओढलं तर होडी उलटू शकते, त्यामुळे विंच असलेली बोट लागते, आणि ती चालवणारे हात मच्छीमारांचेच असलेले बरे.

"त्या जाळ्यात आता माशांचं घर झालंय, राहू द्या की"

हा आक्षेप सगळ्यात चांगला आहे आणि तो अर्धा खरा आहे. जुन्या जाळ्यावर शिंपले, मऊ प्रवाळ, लहान मासे राहायला लागतात. जखमेत खोल गेलेला काटा जसा ओढून काढला तर जास्त फाटतं, तसं प्रवाळात रुतलेलं जाळं ओढलं तर प्रवाळ तुटतं. अशा वेळी सुटा, फडफडणारा भाग कापून काढायचा आणि रुतलेला तसाच ठेवायचा, हेच योग्य. पण ते जाळं जोपर्यंत उभं आहे, हलतंय, तोपर्यंत ते घर नाही. वादळ आलं की तेच जाळं सुटून पुढच्या खडकावर जातं आणि त्यावरचं सगळं घासून काढतं.

"विरघळणारी जाळी का वापरत नाहीत?"

बनवलीयेत. दक्षिण कोरियात वापरात पण आहेत. पण नॉर्वेमध्ये कॉड माशावर चाचण्या झाल्या तेव्हा अशा गिलनेटमध्ये साध्या नायलॉनपेक्षा सुमारे पाचवा हिस्सा मासा कमी लागला. पाचवा हिस्सा कमी कमाई आणि जाळं लवकर झिजणार, हे आमच्या वाड्यावर कोण घेईल? सापळ्यांचं सोपं आहे. अमेरिकेत काही ठिकाणी सापळ्याचं एक दार साध्या सुती दोऱ्यानं बांधायचा नियम आहे. सापळा हरवला की दोरा कुजतो, दार उघडतं, कुर्ली घरी जाते. हे उद्या सकाळपासून करता येईल आणि खर्च दोऱ्याच्या एका गुंडीचा.

काढलेल्या जाळ्याचं करायचं काय, आणि पैसे कोण देणार

ओलं, कुजक्या माशाच्या वासाचं, वाळूनं भरलेलं, तीन प्रकारच्या प्लास्टिकचं आणि शिशाचं मिश्रण, हे भंगारवाला सहज घेत नाही. वेगळं केलं, धुतलं, तर नायलॉनपासून परत धागा होतो, पॉलिथिलीन वितळवून दाणे होतात. जे वेगळंच होत नाही ते शेवटी सिमेंटच्या भट्टीत. म्हणून जुनं जाळं समुद्रात जायच्या आधी जेटीवरच गोळा केलं तर त्याला किंमत असते, तळातून काढलेल्याला जवळपास नसते. युरोपनं २०१९ च्या कायद्यात हा खर्च जाळी बनवणाऱ्या कंपन्यांवर टाकायचं ठरवलं. आपल्याकडे उत्पादकावर जबाबदारी टाकणारे प्लास्टिकचे नियम पॅकेजिंगपुरते आहेत, त्यात जाळं बसत नाही.

पण पैसे घालून काही मिळतं का? अमेरिकेत व्हर्जिनियात चेसापीक उपसागरात काही वर्षं हिवाळ्यात काम नसलेल्या मच्छीमारांना पैसे देऊन, त्यांच्याच बोटीवर सोनार बसवून, ३४,४०८ हरवलेले सापळे काढले. नंतर हिशोब झाला तेव्हा कुर्ल्यांची पकड २७ टक्क्यांनी वाढल्याचं आणि २ कोटी १३ लाख डॉलरचा जादा माल मिळाल्याचं अभ्यासकांनी मांडलं. मजुरी पण मच्छीमाराला, कुर्ल्या पण मच्छीमारालाच.

दक्षिण कोरियानं २००३ पासून मासेमारी करताना जाळ्यात आलेला कचरा किनाऱ्यावर आणून दिला की पोत्यामागे पैसे द्यायला सुरुवात केली, आणि २०२४ पासून सापळ्यांवर डिपॉझिट आहे, सोड्याच्या काचेच्या बाटलीवर असायचं तसं, परत आणा आणि पैसे घ्या. एवढं लांब कशाला, केरळात कोल्लमजवळ नीण्डकरा बंदरावर २०१७ मध्ये शुचित्व सागरम् सुरू झालं, मच्छीमार जाळ्यात आलेलं प्लास्टिक समुद्रात परत न टाकता बंदरावर आणतात, तिथे त्याचा चुरा करून रस्त्याच्या डांबरात घालतात. आणि तेरेखोलच्या पलीकडे महाराष्ट्रात २०१८ च्या डिसेंबरपासून, कासवासारखा संरक्षित प्राणी सोडवायला मच्छीमारानं स्वतःचं जाळं कापलं तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते.

गोव्यात अडतं कुठे

लोक म्हणतात बंदीच्या ६१ दिवसांत, १ जून ते ३१ जुलै, बोटी रिकाम्या असतात, तेव्हा काढा. नाही जमत. पावसाळ्यात समुद्र उतरू देत नाही आणि मांडवी-जुवारीचा गढूळ लोंढा आला की पाण्याखाली स्वतःचा हात दिसत नाही. पाणी नितळ असतं ते ऑक्टोबर ते मे, आणि तोच मासेमारीचा सीझन. म्हणजे बोटवाल्याला एका दिवसाची मासेमारी सोडून यावं लागणार, आणि त्या दिवसाचे पैसे कोणीतरी भरून द्यावेच लागणार. फुकटच्या श्रमदानावर हे चालणार नाही.

पण त्याच्याही आधी एक गोष्ट अडते. जाळं कुठे आहे हे सांगायलाच लोक घाबरतात. काकांनी एकदा जाळं गेल्यावर एका कार्यालयात जाऊन सांगितलं होतं. जाळं कुठे गेलं हे कोणी विचारलंच नाही, तुम्ही तिथे काय करत होता, कागद कुठे आहेत, हेच विचारलं. ते परत कधी गेले नाहीत आणि वाड्यावरच्या दुसऱ्या कोणाला पण त्यांनी जाऊ दिलं नाही. जाळ्यांवर मालकाची खूण असावी यासाठी जागतिक अन्न आणि कृषी संघटनेची २०१८ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, ऐच्छिक, आणि कल्पना चांगली आहे. पण आपल्याकडे आधी दंड आणला आणि मग खूण मागितली तर जो तो खूण कापूनच जाळं सोडेल. आधी उलट झालं पाहिजे. हरवलं, कळवलं, तर शिक्षा नाही, उलट काढायला मदत. मुद्दाम टाकणाऱ्यासाठी दंड राहू दे, तो वेगळा विषय.

मी काकांना परवा सहज विचारलं की तुमचं ते जाळं नक्की कुठे गेलं. त्यांना जीपीएस वगैरे माहीत नाही. ते होडीच्या कडेवर बसले होते, उठले, समुद्राकडे पाठ केली आणि हातानं दाखवायला लागले. शापोरा किल्ल्याचा हा कोपरा आणि मागचा मोबाईल टॉवर एका रेषेत आला पाहिजे, आणि इकडे देवळाचा कळस त्या दोन माडांच्या मधोमध. दोन रेषा जिथे कापतात तिथे, बारा-तेरा वाव (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट) पाण्यात, खडकाच्या उत्तरेच्या अंगाला. त्याच खडकावर अजून तिघांची जाळी आहेत, ती कोणाची ते पण सांगितलं. म्हटलं, काका, एवढं सगळं माहीत आहे तर कधी कोणाला सांगितलं का नाही?

"कोणें विचारलें?" म्हणाले, आणि दुसरी जागा दाखवायला लागले.